फवारणी यंत्र, स्वयंचलित
स्वतःच्या एंजिनावर चालणारे व त्याच शक्तीने पंपाद्वारे पिकावर कीटकनाशक फवारणारे लहान कृषियंत्र. उंच सांगाडा व अरुंद चाके यांमुळे ते उभ्या पिकातून जाते. तोट्यांची आडवी नळी मागे असल्यास चालक बव्हंशी फवाऱ्याबाहेर राहतो. पाठीवरील पंपाने फवारणारा मजूर भिजलेल्या पिकातूनच चालतो. हा फरक किरकोळ नव्हे : २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. गोंदिया जिल्ह्यातील मुर्रीसारख्या धानाच्या भागात मात्र चिखल व लहान बांध्या (खाचरे) यंत्रास अडवितात. अरुंद लोखंडी चाके लावली, तरी वळताना पीक तुडविले जातेच. शिवाय तपकिरी तुडतुडे धानाच्या बुंध्याशी असतात. वरून पडणारा फवारा तेथवर नीट पोहोचत नाही.