एकाच वेलीची अनेक नावं

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला विचारा, ‘बागेत काय आहे?’ ‘द्राक्षं’ असं तो म्हणणार नाही. थॉमसन, सोनाका, गणेश, शरद यांपैकी एखादं नाव घेईल. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी मात्र ही सगळी मंडळी एकाच प्रजातीत बसतात: व्हिटिस व्हिनिफेरा.

प्रजातीच्या खालचा हिशेब अवघड. द्राक्षाचं बी पेरलं तर रोप मूळ वेलीसारखं निघत नाही, म्हणून खुंटावर काडी भरायची. याचा अर्थ, जगभरच्या थॉमसनच्या बागा म्हणजे एकाच जुन्या वेलीचे तुकडे! विल्यम थॉमसन यांनी १८७२ च्या सुमारास ती कॅलिफोर्नियात लावली, म्हणून हे नाव. तिकडे तुर्कस्तानात ती सुलतानिना.

अशा वेलीच्या एखाद्या डोळ्यात कधीतरी जनुकीय बदल होतो आणि त्या फांदीचे घड वेगळेच दिसू लागतात. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या नजरेनं असा लांब मणी टिपला, तो सोनाका. तासगाव तालुक्यातल्या बोरगावला वसंतराव आर्वे यांनी निवडलेला वाण म्हणजे तास-ए-गणेश. दोन्ही मूळचे थॉमसनच. नेहमीच्या डीएनए-चाचणीत अशी भावंडं सहसा वेगळी ओळखूच येत नाहीत.

शरद काळा म्हणून परका, असं वाटेल. तो परका आहेच, ‘किशमिश चर्नी’पासून आलेला, पण पुरावा रंगाचा नव्हे. युरोपातली काळी, करडी आणि पांढरी पिनो ही द्राक्षं एकाच वेलीची रंगांतरं आहेत.

मग खरं कोणाचं, प्रयोगशाळेचं की बागेचं? माझं मत बागेला. वंश शोधायचा तर डीएनए हवा. पण वाण ही माणसानं कामासाठी पाडलेली वर्गवारी आहे. आपला २००१ चा वाणसंरक्षण कायदाही वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य हेच तपासतो. द्राक्षाचे जाणकार तर घडाआधी कोवळ्या शेंड्याची लव आणि पानाच्या खाचा पाहतात.

तेव्हा बाजारात लांब मणी दिसला की लगेच सोनाका समजू नका. जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवले, की साध्या थॉमसनचा मणीही लांबतो.