कोडिंग क्लबचे बेणे : विद्यार्थी गटप्रमुख



परवा ताथवड्यात एका जुन्या सभासदांच्या ओसरीवर बसलो होतो. उसाच्या नोंदीचे बोलणे झाले, तोडीच्या पाळीचे झाले, आणि मग आबा म्हणाले, "आवो, शाळेत ते कोडिंग क्लब का काय सुरू केलंय. नातू दोनदा गेला. तिसऱ्या खेपेला म्हणतो, आबा, मी नाय जायचो. चार पोरं मशीन धरून बसत्यात आन् आम्ही मागनं बघत ऱ्हातो. मास्तर एकटं, ते तरी कुणाकुणाकडं बघणार?"

आबांनी दोन वाक्यांत सगळे दुखणे सांगितले. त्यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. तो समजून घेण्यासाठी हा लेख.

कोडिंग म्हणजे काय?

संगणकाला कामाचा क्रम लिहून देणे म्हणजे कोडिंग. आपण दारे धरणाऱ्या गड्याला सांगतो, "सरीच्या टोकाला पाणी पोचलं, की दार मोड आन् पुढच्या सरीत घे." गडी शहाणा असतो, न सांगितलेलेही उमजून घेतो. संगणकाला मात्र एकेक पायरी सांगावी लागते. पायरी चुकली तर तो चुकीचेच काम बिनचूक करतो!

एक उदाहरण घेऊ. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. साडेचार फुटांची सरी धरली तर एकरात ९,६८० फूट सरी निघते. दीड फुटाला एक रोप लावले तर सुमारे ६,४५० रोपे लागतात. सरी पाच फुटांची आणि रोपांतले अंतर दोन फूट केले, तर ४,३५६ रोपे पुरतात. आठवीच्या मुलाने हा हिशेब संगणकाला एकदा शिकवला, की कोणतेही अंतर घाला, रोपांचा आकडा लगेच समोर येतो. बापाला रोपवाटिकेत जाण्याआधी उपयोगी पडेल असे हे काम आहे. कोडिंग म्हणजे नुसता खेळ नव्हे, ते असे.

आपला त्याच्याशी काय संबंध?

ताथवड्याचेच बघा. शेजारी हिंजवडीची आयटी वसाहत, पलीकडे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, जवळून मुंबई-बंगळूर महामार्ग. २००९ साली गाव महापालिकेत गेले. शिवारात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. रस्त्याला, इमारतींना जमिनी गेल्या. आपल्या पोरांना कंपनीच्या दारात गाडी चालवण्याचे किंवा पास तपासण्याचे काम मिळते. त्या कामात कमीपणा नाही. पण आतल्या खुर्चीची वाट आपल्या घरातून जातच नसेल, तर जमीन देऊन आपण काय मिळवले, हा प्रश्न उरतोच.

आणि जो शेतीत राहील, त्याचीही यातून सुटका नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रे आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाणी-खताचा सल्ला मोबाईलवर येतो. असा सल्ला डोळे झाकून पाळायचा, की तो कसा निघाला हे समजून घ्यायचे? समजणारा माणूस घरातच असला तर बरे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगची ओळख करून देण्यास सांगितले आहे. पण धोरण कागदावर आणि मुले वर्गात. मधला पूल कोण बांधणार?

यंत्रे आली तरी क्लब का बसतो?

शाळेत संगणक आणण्याची खटपट नवी नाही. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना संगणक दिले होते. तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र आणणे सोपे, पण मुलाच्या खांद्याशी उभे राहून "कुठं अडलं रे?" असे विचारणारा माणूस मिळणे अवघड. गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक आपले काम सांभाळून क्लब बघतात. समोर तीस-चाळीस मुले असतात. ज्याच्या घरी संगणक आहे तो पुढे सरकतो, बाकीचे मागे राहतात. मुली तर बहुधा भिंतीकडेच बसतात. दिवाळीपर्यंत निम्मी गळती होते.

यावर उपाय एकच. मुलांमधूनच शिकवणारे तयार करायचे.

हे नवे नाही

आपण बेणेमळ्यात काय करतो? संशोधन केंद्रातले मूलभूत बेणे थोडेच असते. त्यापासून पायाभूत बेणे, त्यापासून प्रमाणित बेणे, आणि मग ते सभासदांच्या शेतात. एका एकराचे बेणे आठ-दहा एकरांना पुरते. तसेच एका शिक्षकाने आठ मुले नीट तयार केली, तर ती चाळीस मुलांना हात देतात.

आपल्या जुन्या गावठी शाळांतही पंतोजी मोठ्या मुलांकडून लहानांना धडे देववीत. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत असा प्रकार पाहिला, आपल्या शाळेत वापरला आणि पुढे इंग्लंडात नेला. तिकडे त्याला 'मद्रास पद्धत' असेच नाव पडले. अलीकडचे उदाहरण आयर्लंडचे आहे. कॉर्क शहरातल्या जेम्स व्हेल्टन या शाळकरी मुलाने आपल्या शाळेत संगणक क्लब काढला. त्यातूनच २०११ साली, त्याच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, बिल लियाओ यांच्या साथीने 'कोडरडोजो' ही मुलांच्या मोफत कोडिंग क्लबांची चळवळ उभी राहिली. म्हणजे पोर पुढे झाले, मागून मोठे आले.

गटप्रमुख कसा निवडावा?

१) पहिला नंबर बघू नये. हुशार मुलगा स्वतः पुढे पळतो. दुसऱ्याला समजेपर्यंत थांबणारा मुलगा हवा. निवडीच्या दिवशी त्याला एवढेच सांगावे, "या पाचवीच्या मुलाला सायकलचे पंक्चर कसे काढायचे ते क्रमाने समजावून सांग." धीर धरतो की चिडतो, ते लगेच कळते.

२) आठवी-नववीतून निवडावेत. दहावीवर बोर्डाच्या परीक्षेचे ओझे असते. नववीच्या प्रत्येक प्रमुखाबरोबर आठवीचा एक जोडीदार ठेवावा. मोठा दहावीत गेला की धाकटा जागा घेतो. खोडवा चांगला यायचा तर आधी बुडखे सांभाळावे लागतात.

३) निम्म्या मुली असाव्यात. प्रमुख मुलगी असली, की भिंतीकडची मुलगी पुढे येते.

४) पाच मुलांमागे एक प्रमुख पुरे. मुदत एक वर्षाची. काम काय आणि किती वेळ, हे पालकांना लेखी कळवावे. आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये.

काम कसे चालावे?

पहिला नियम : प्रमुखाने हात मागे बांधावेत. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचे. त्याने स्वतः करून दिले, तर शिकणारा पुन्हा बघ्याच राहतो.

दुसरा नियम : अडले तर आधी शेजारच्या सोबत्यांना विचारायचे, मग प्रमुखाला, शेवटी गुरुजींना. यामुळे गुरुजींकडे खरोखर अवघड अडचणीच पोचतात.

तिसरा नियम : एका यंत्रावर दोघे बसले तर दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. पाण्याच्या पाळीसारखीच, इथेही वशिला नाही.

चौथा नियम : कोण कुठे अडले ते प्रमुखाने वहीत लिहायचे. महिनाअखेर गुरुजींनी ती वही वाचून पुढचे धडे ठरवायचे. क्लब सुधारतो तो या वहीमुळे.

यंत्रे कमी असली म्हणून अडून बसू नये. स्क्रॅच नावाची, चित्रांचे ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारी प्रणाली २००७ पासून मोफत मिळते. वीज गेली तर मैदानात दहा मुले उंचीप्रमाणे लावायची, पण एका वेळी दोघांचीच तुलना करायची. संगणक याद्या कशा लावतो, ते पायांनीच कळते. न्यूझीलंडातल्या शिक्षकांनी असे बिनसंगणकाचे कितीतरी खेळ तयार केले आहेत.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. गटप्रमुख म्हणजे गुरुजींचा शिपाई नव्हे. चहा आणणे, हजेरी लिहिणे ही कामे त्याच्या गळ्यात घालू नयेत. क्लबात शिक्षक हजर असलेच पाहिजेत. जबाबदारी त्यांची, मदत मुलांची.

सभासदांनी काय करावे?

पुढच्या पालक सभेला जावे आणि मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत. क्लबात किती मुले टिकली? त्यांत मुली किती? गटप्रमुख कोण? गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ज्यांची मुले शिकतात, त्यांनी पोराला सांगावे, "चार रविवार शाळेत जा आन् या आठ जणांना तयार कर." एवढ्याने सुरुवात होते.

आपण एकेकट्याने ऊस विकला असता, तर गुऱ्हाळवाल्याने दिलेला भाव निमूट घेतला असता. एकमेकांचा हात धरला म्हणून कारखाना उभा राहिला. शिकलेल्याने मागच्याचा हात धरायचा, ही शिकवण आपल्या मुलांना नवी वाटू नये.

आबांना म्हटले, नातवाला पुन्हा पाठवा, पण या वेळी त्याला आधी पंक्चरची परीक्षा द्यायला सांगा. आबा हसले. म्हणाले, "पंक्चर तर तो डोळं झाकून काढतो. समजावून सांगता येतंय का, ते मीच बघतो आज."