एकेकाळी इथवर जहाजं यायची, आता भरती बघून बोट सुटते. पोर्तुगालच्या सिल्व्हेश गावाचा किस्सा

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व्ह नावाचा प्रांत आहे. इन्स्टावर सोनेरी कडे, त्याखाली निळं पाणी आणि गुहेतून आत येणारं ऊन दिसलं, की समजायचं फोटो बहुतेक इथलाच. युरोपातली अर्धी जनता उन्हाळ्यात तिथल्या वाळूवर पडलेली असते.

पण त्या किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत, अराद नदीच्या काठी सिल्व्हेश नावाचं गाव आहे. लोकसंख्या साधारण दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडं एखादा मोठा बाजार भरणारं गाव. आणि गावाच्या डोक्यावर काय, तर लाल दगडाचा भलामोठा किल्ला. शेजारी कॅथेड्रल, तेही लालच.

एवढ्याशा गावाला एवढा किल्ला कशाला?

तर याचं उत्तर नदीत आहे.

आठव्या शतकात इथं मुस्लिम सत्ता आली. अरबीत पश्चिमेला ‘अल-घर्ब’ म्हणतात, त्याचंच पुढं अल्गार्व्ह झालं. आणि या प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर होतं शिल्ब, म्हणजे आजचं सिल्व्हेश. समुद्रातून आलेली जहाजं अराद नदीतून थेट गावाच्या पायथ्याशी लागायची. समुद्राचा व्यापार मिळायचा, पण समुद्री चाच्यांपासून अंतरही राहायचं. बंदरासाठी याहून चांगली जागा कुठली?

पैसा आला, मागोमाग कवी आले. सेव्हिलचा राजपुत्र अल-मुतमिद तरुणपणी इथला कारभार बघायचा. त्याचा जिगरी दोस्त इब्न अम्मार, हाही कवी आणि याच भागातला. पुढं मुतमिद राजा झाला, दोस्तीत राजकारण शिरलं आणि 1086 च्या सुमारास त्यानं इब्न अम्मारला स्वतःच्या हातानं मारलं. मुतमिदचं राज्य 1091 मध्ये गेलं आणि तो मोरोक्कोत कैदेत वारला. आज सिल्व्हेशमध्ये नदीकाठच्या चौकाला त्याचंच नाव आहे.

मग आलं 1189 साल. पोर्तुगालचा राजा सांशो पहिला याची नजर या शहरावर होतीच. त्याच वेळी तिसऱ्या क्रुसेडसाठी जेरुसलेमकडं निघालेली उत्तर युरोपची जहाजं वाटेत थांबली होती. राजानं त्यांना सोबत घेतलं आणि शहराला वेढा घातला. तटबंदी काही लवकर पडेना. शेवटी शहराला नदीकाठून मिळणारं पाणी तोडलं, आणि ऐन उन्हाळ्यात तहानेनं शहर शरण आलं. लोकांना घरदार, मालमत्ता सोडून बाहेर पडावं लागलं.

गंमत म्हणजे दोनच वर्षांत, 1191 मध्ये, अल्मोहाद खलिफानं शहर परत घेतलं. ते कायमचं पोर्तुगालकडं यायला तेराव्या शतकाची मधली वर्षं उजाडली. तरी आज किल्ल्याच्या दारात पुतळा उभा आहे तो दोन वर्षं शहर टिकवलेल्या सांशोचा!

आता आपल्याशी असलेला धागा. 1495 मध्ये राजा जुआंव दुसरा अल्गार्व्हमध्येच वारला आणि त्याला सिल्व्हेशच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. याच राजाच्या काळात बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला. याच राजानं धाडलेला पेरो दा कोव्हिल्यां वेष बदलून कालिकत आणि गोवा बघून गेला होता, तेही वास्को द गामाच्या कितीतरी आधी. 1499 मध्ये राजाचे अवशेष बातालियाच्या मठात हलवले. त्याच वर्षी गामा भारतातून परतला. ज्या राजानं ही वाट आखली, त्याला ती पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही. कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्याची शिळा मात्र अजून आहे.

पण तोवर सिल्व्हेशचे दिवस फिरले होते. वरून येणाऱ्या मातीनं अराद नदी भरत चालली होती. जहाजं मोठी होत होती आणि नदी उथळ. काठाला दलदल झाली, ताप पसरले. 1577 मध्ये बिशपनंही आपलं ठाणं किनाऱ्यावरच्या फारोला हलवलं. व्यापार नदीच्या मुखाशी पोर्तिमाओकडं गेला. राहिलेली कसर 1755 च्या भूकंपानं भरून काढली. एकोणिसाव्या शतकात बाटल्यांच्या बुचांच्या धंद्यानं गावाला जरा हात दिला, पण बंदर काही परत आलं नाही.

म्हणून जायचं असेल तर आमचं मत, गाडीनं जाऊ नका. पोर्तिमाओहून छोट्या बोटी नदीतून वर सिल्व्हेशला जातात, पण त्यांची वेळ भरती ठरवते. पाणी उतरलं की नदीत गाळच गाळ. हे शहर का पडलं, हे तिथं बोटीत बसल्या बसल्या कळतं. रेल्वेही आहे, फक्त स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर लांब आहे, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात ते अंतर दुप्पट वाटतं.

गावात किल्ल्याआधी पुरातत्त्व संग्रहालय बघा. तिथं अल्मोहाद काळातली सुमारे 18 मीटर खोल विहीर आहे, आत उतरायला गोल जिना. संग्रहालय या विहिरीभोवतीच बांधलंय. ती बघून किल्ल्यावरचा पाण्याचा मोठा हौद बघितला, की 1189 चा वेढा वेगळाच दिसायला लागतो. खाली नदीवरच्या पुलाला सगळे ‘रोमन पूल’ म्हणतात. आजचा पूल मध्ययुगातला आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आणि संत्री खा. सिल्व्हेश स्वतःला संत्र्यांची राजधानी म्हणवतं (नागपूरकरांनी मनावर घेऊ नये). अरबीत संत्र्याला ‘बुर्तुकाल’ म्हणतात, म्हणजे सरळ पोर्तुगालच. तुर्की आणि ग्रीक भाषेतही तीच तऱ्हा.

या बागांना पाणी लागतं, ते नदीच्या वरच्या अंगाच्या धरणांतून येतं. 2024 च्या सुरुवातीला अल्गार्व्हमध्ये दुष्काळ इतका वाढला की सरकारनं शेतीच्या पाण्यात 25 टक्के कपात जाहीर केली. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की या बागा समोरच दिसतात.