जुने अवजार, चालू संसार

नवऱ्याची बदली, बढती, बोनस या विषयांवर आपण बायका घरात हक्काने बोलतो. पगारातले किती बँकेत ठेवायचे आणि किती वाणसामानाला काढायचे, हेही बहुधा आपणच ठरवतो. पण तो पगार ज्या अवजाराच्या जोरावर मिळतो, त्याची चौकशी मात्र आपण सहसा करत नाही. "ते कॉम्प्युटरचं काहीतरी आहे," एवढ्यावर विषय संपतो. मैत्रिणींनो, घरात कोणी प्रोग्रामर असेल, मग तो नवरा असो, दीर असो, मुलगी असो की तुम्ही स्वतः, ही चौकशी एकदा करायलाच हवी.

आमच्याकडचेच पाहा ना. 'हे' गेली चौदा वर्षे डेल्फी नावाच्या अवजारावर काम करतात. इस्पितळांची बिले, औषधांचा साठा, खाटांची नोंद यांचे प्रोग्राम ते त्यात लिहितात. चार माणसांत डेल्फीचे नाव निघाले की तरुण मुले विचारतात, "म्हणजे काय?" आणि थोडी जाणती माणसे विचारतात, "ते अजून आहे?" घराचे हप्ते अजून अकरा वर्षे भरायचे असताना हा दुसरा प्रश्न काही कानाला गोड लागत नाही. म्हणून मी या डेल्फीची सगळी कुळकथा ह्यांच्याकडून समजावून घेतली.

डेल्फी बाजारात आले १९९५ साली, बोरलँड या अमेरिकन कंपनीकडून. बटणे, चौकटी, तक्ते पडद्यावर मांडायचे आणि त्यांच्यामागे हिशेब लिहायचा, अशी त्याची सोपी रीत. विंडोजवरचे प्रोग्राम त्यात झटपट तयार होत. परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांशी आपण ज्या स्काइपवरून बोलायचो, त्याचा विंडोजवरचा सुरुवातीचा प्रोग्रामही डेल्फीतच लिहिलेला होता. (ते स्काइप २०२५ साली बंद झाले, ही गोष्ट वेगळी.)

मग माशी शिंकली कुठे? १९९६ साली डेल्फीचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि पुढे तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली सी-शार्प ही भाषा तयार झाली. इकडे बोरलँडने १९९८ साली आपले नावच बदलून इनप्राइज केले आणि २००१ साली पुन्हा बोरलँड केले! २००८ साली डेल्फी एम्बार्काडेरो कंपनीकडे गेले, आणि २०१५ साली ती कंपनीच आयडेराने घेतली. दुकानाची पाटी अशी सारखी बदलत राहिली तर गिऱ्हाइकाने लक्षात काय ठेवायचे? माल चांगला; पण त्याचा गाजावाजा करणारे कोणी नाही. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, तशी गत. शिकणाऱ्यांसाठी फुकट मिळणारी कम्युनिटी आवृत्ती २०१८ साली निघाली, पण तोवर कॉलेजातली मुले जावा आणि पायथॉनकडे वळली होती.

पण म्हणून डेल्फी संपले का? तर नाही. त्याची १३ क्रमांकाची आवृत्ती २०२५ च्या सप्टेंबरात निघाली. अवजार जुने झाले आहे, पण त्याचे सुटे भाग अजून मिळतात, असे म्हणा हवे तर.

आता याच्याशी फॉक्सप्रो ताडून पाहा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकवत. दुकाने, पतसंस्था, हिशेबनिसांच्या कचेऱ्या यांतून ते चाले. १९९२ पासून त्याचा मालक साक्षात मायक्रोसॉफ्ट! तरीही २००७ साली मायक्रोसॉफ्टने "यापुढे नवी आवृत्ती नाही" असे जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत उरलीसुरली देखभालही थांबवली. उलट कोबोल ही भाषा १९५९ सालापासूनची, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणींहून वडील. पण २०२० साली करोनाच्या दिवसांत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारी माणसे हवीत, असे जाहीर आवाहन करावे लागले, कारण बेकारभत्त्याचे काम जुन्या यंत्रणेवर चालत होते.

तेव्हा अवजाराचे वय पाहून घाबरू नका आणि मालक बडा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. त्याऐवजी घरात बसून चार गोष्टी तपासा.

पहिली, नवी आवृत्ती अलीकडे केव्हा आली? दोन-तीन वर्षांत काहीच आले नसेल तर सावध व्हा.

दुसरी, आपल्या शहरात या कामाच्या नोकऱ्या किती? जुन्या अवजाराचे जाणकार कमी, म्हणून कामावरच्या माणसाला कंपनी सहजी सोडत नाही, हे खरे. पण गावात एकच गिरणी असली की ती बंद पडल्यावर दळण न्यायचे कुठे? अशा घरात निदान सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, बाजूला हवा. आम्ही भिशीचे आणि दिवाळीच्या बोनसचे पैसे त्यासाठीच ठेवतो. सोने पुढच्या वर्षी!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हातात नुसते अवजार आहे की कसबही आहे? शिलाई मशीन बदलले तरी चांगल्या शिंपिणीचा ब्लाउज बिघडत नाही, कारण बेतणे तिच्या डोक्यात असते. तसेच इस्पितळाचे बिल कसे बनते, विम्याचे पैसे कुठे अडकतात, मुदत संपलेली औषधे साठ्यातून कशी वगळायची, हे ज्ञान डेल्फीचे नव्हे, त्या माणसाचे. नोकरीच्या अर्जात "डेल्फी प्रोग्रामर" एवढेच न लिहिता हे काम आधी लिहावे. माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषाही अशीच. ती डेल्फीबरोबर लागते आणि डेल्फी सुटले तरी उपयोगी पडते.

चौथी गोष्ट, शेजारचे एखादे अवजार शिकायला सुरुवात केली आहे का? डेल्फीवाल्याला सी-शार्प फार परके वाटत नाही, दोन्हींमागे माणूस एकच ना! पण यासाठी रोज तासभर लागतो आणि तो तास घरानेच काढून द्यावा लागतो. आमच्याकडे रात्री साडेनऊ ते साडेदहा टीव्ही बंद असतो. मी वह्या तपासते, 'हे' अभ्यास करतात. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली, मग सवय झाली.

मुलगी नुकतीच प्रोग्रामिंग शिकू लागली असेल तर? तिने डेल्फी अवश्य हाताळावे. कम्युनिटी आवृत्ती आहे, शिवाय तशाच धर्तीचे लाझारस तर पूर्ण मोफत आहे. पण पहिलीच नोकरी अशा अवजारावरची मिळाली तर "इथून दोन वर्षांनी मला आणखी काय येत असेल?" हे तिने आधी विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल रुजू व्हावे.

आणि मुलांपायी नोकरी सोडलेल्या माझ्या भगिनींनो, तुमच्यासाठी यात एक बरी बातमी आहे. नव्या अवजारांची दुनिया चार वर्षांत ओळखू येईनाशी होते. जुन्याची तशी होत नाही. तुम्ही सोडून आलेला प्रोग्राम कदाचित आजही कुठल्यातरी कचेरीत चालू असेल आणि त्याची दुरुस्ती करणारे माणूस त्यांना मिळत नसेल. जुन्या ओळखीच्यांना एक फोन करून पाहायला काय हरकत आहे? असे काम पुष्कळदा घरी बसूनही करता येते. मात्र वरच्या चारही गोष्टी मग तुम्हालाही लागू!

येत्या रविवारी दुपारचा चहा झाला की कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. ती कपाटात, हप्त्याच्या पावत्यांबरोबर ठेवा, आणि दर दिवाळीला पुन्हा तपासा.