समाजमाध्यमांवरील नवखेपण आणि डमडमचा दाखला

समाजमाध्यमांवर प्रथमच खाते उघडणाऱ्या अनेकांना, विशेषतः उतारवयात त्यांकडे वळलेल्यांना, एक चमत्कारिक अवघडलेपण जाणवते. चार ओळी लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या आणि अखेर काहीच न पाठवता मोबाइल बाजूला ठेवायचा, असा हा अनुभव असतो. त्याचे खापर बहुधा स्वतःच्या अडाणीपणावर फोडले जाते. ते योग्य नाही. ऐकणारा समोर दिसत नाही अशा प्रत्येक नव्या माध्यमाने माणसाला असेच अवघडून टाकले आहे.

याचा जुना दाखला कोलकात्यालगतच्या डमडम येथे मिळतो. हे नाव आज विमानतळामुळे सर्वपरिचित असले, तरी ग्रामोफोन तबकड्या जपणाऱ्या मराठी घरांत ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ग्रामोफोन कंपनीचा सियालदह येथे १९०८ साली सुरू झालेला कारखाना १९२८ मध्ये डमडमला आला आणि देशभरातील तबकड्या तेथून निघू लागल्या. त्याआधी १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांच्यासह अनेकांचे ध्वनिमुद्रण केले होते. मैफलीत वाढलेल्या कलावंतांपुढे त्या वेळी अचानक एक कर्णा आला. दाद द्यायला रसिक नाहीत, राग तीनएक मिनिटांत आटोपायचा, आवाज चढा ठेवायचा आणि शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने पुकारायचे! तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील तंत्रज्ञांना गायक ओळखता यावा यासाठी ही सोय होती. पुढे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोफोन आला आणि हळुवार गाणेही टिपले जाऊ लागले. बदलले ते यंत्र. गळे तेच होते.

समाजमाध्यमांवरील अडचण थोडी निराळी आहे. माणूस कट्ट्यावर एक बोलतो, कचेरीत दुसरे आणि सासरी तिसरेच. समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात या वागण्याची तुलना रंगमंचाशी केली होती. समाजमाध्यमांवर मात्र मामा, वरिष्ठ अधिकारी आणि शाळासोबती एकाच दालनात बसलेले असतात. मराठी माणसाचा तर संबोधनापाशीच घोटाळा होतो. ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’?

चुका होतात त्या अनेकदा साधनाच्या उणिवेमुळे. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये बंद पडलेल्या ऑर्कुटवर सुरुवातीच्या काळात एकाला लिहिलेला मजकूर इतरांनाही वाचता येई. फेसबुकवर निधनवार्तेलाही ‘लाइक’ करण्याखेरीज दुसरी खूण नव्हती. दुःख दर्शवणारी खूण २०१६ मध्ये आली. पाठवलेला संदेश सर्वांकडून पुसण्याची सोय व्हॉट्सअॅपने २०१७ मध्ये दिली. तोवर फजिती झालेल्यांना कोणी अडाणी ठरवण्याचे कारण नव्हते.

शिवाय आपली फजिती इतरांच्या नजरेत भरते, हा समजही बराचसा अतिरंजित असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच व सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ओशाळवाणे चित्र असलेला टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना खोलीत पाठवण्यात आले. निम्म्या लोकांनी तरी चित्र पाहिले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे एकचतुर्थांश लोकांच्याच ध्यानात आले.

नुसते वाचत राहण्यात गैर काही नाही; प्रत्येकाने लिहिलेच पाहिजे असा दंडक कोणी घातलेला नाही. तथापि कुटुंबाच्या गटात आजी संकोचाने गप्प राहते, तेव्हा तिच्याजवळची गावाकडची माहिती, नात्यांची नावे आणि पदार्थांची प्रमाणेही तिथे पोहोचत नाहीत. तबकड्यांच्या काळातही, कारणे काहीही असोत, काही मोठे कलावंत कर्ण्यापासून दूर राहिले. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. अल्लादियाखाँ कसे गात असतील याचा अंदाज केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांवरूनच बांधावा लागतो.