पाईप पान्याची मालकी कोणाची?

अंधेरी-घाटकोपरच्या जुन्या इमारतींत जीआय पाईपचा सांधा गंजून बसला की प्लंबर पिशवीतून चौदा इंची पाईप पाना काढतो. त्याचा वरचा जबडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. नट फिरवून तो पाईपला भिडवायचा आणि दांडी ओढायची. ओढ बसताच जबडा किंचित कलतो, दाते पाईपमध्ये रुततात आणि जोर वाढेल तशी पकडही आवळते. दांडी उलट ढकलली की पाना सुटतो.

पेटंट मिळालं ते या कलण्याच्या युक्तीला. अमेरिकेतल्या वॉलवर्थ कंपनीतला कारागीर डॅनियल स्टिलसन याने ते 12 ऑक्टोबर 1869 रोजी मिळवलं. त्याने आधी लाकडाचा नमुना कोरला, मग लोखंडी पान्याची परीक्षा झाली: एक तर पाईप तुटेल, नाहीतर पाना. तुटला पाईप, असं सांगतात. पुढे 1888 मध्ये स्वीडनच्या योहान पेटर योहानसननेही आपल्या पाईप पान्याचं पेटंट घेतलं. मुदत संपली तशी स्टिलसनची रचना सगळ्यांची झाली. आज ती कोणीही बनवू शकतो.

मग आज भांडण होतं कशावरून? नव्या सुधारणेवरून, दिसण्यावरून किंवा नावावरून. आपल्याकडे पेटंट 20 वर्षांचं. डिझाइनला 2000 च्या कायद्याने 10 आणि वाढवून मिळाली तर आणखी 5 वर्षं. ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी नूतनीकरण केला की चालूच. पण डिझाइनमध्ये फक्त डोळ्यांना दिसणारं रूप येतं. निव्वळ यांत्रिक करामत त्यात बसत नाही. म्हणजे दांडीचा आकार एका कायद्याखाली, जबड्याची चाल दुसऱ्या.

पेटंट मिळालं म्हणजे ते कोर्टात टिकेलच असं नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांनी लेथवर भांडं घट्ट धरण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं होतं. डिसेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा, शोध नव्हे, असं ठरवलं आणि पेटंट गेलं. हाताच्या अवजारांच्या खटल्यात प्रतिवादी पहिलं हेच म्हणतो: यात नवं काय? मग जुने कॅटलॉग बाहेर निघतात. पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा आला की दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे जातो.

मरोळच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराने हिशेब आधीच मांडलेला बरा. पेटंटसाठी मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला, डिझाइनची नोंदणी मात्र कोलकात्याला. आणि नवा पाना नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात टांगण्याआधी अर्ज गेलेला हवा. एकदा माल खुलेआम विकला की त्यातलं नवेपण कायद्याच्या लेखी संपतं, आणि शेजारच्या गाळ्यातल्या नकलेवर बोट ठेवायलाही जागा उरत नाही.