पान बदललं की फॉर्ममधली माहिती कुठे जाते?

प्रवेशअर्ज तीन पानांचा आहे असं धरू. पहिल्यावर नाव-पत्ता, दुसऱ्यावर अभ्यासक्रम, तिसऱ्यावर शुल्क. असा अर्ज पीएचपीत पहिल्यांदा लिहिणारे विद्यार्थी बहुतेक एकाच जागी अडतात. पहिल्या पानावर भरलेलं नाव तिसऱ्या पानावर कोरं येतं. ‘व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं की!’ ठेवलं होतं, पण पान तयार होऊन ब्राउझरकडे गेलं की ते व्हेरिएबल संपतं. एचटीटीपीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते, आधीची तिला ठाऊक नसते. त्यामुळे मार्ग दोनच: माहिती ब्राउझरने दर वेळी सोबत पाठवायची, किंवा सर्व्हरने मुद्दाम साठवायची. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली ती याच अडचणीवर.

गैरसमज: पोस्टने पाठवलेली माहिती गुप्त राहते.
फॉर्म पाठवायच्या दोन पद्धतींपैकी गेटमध्ये माहिती पत्त्याच्या पट्टीत दिसते, पोस्टमध्ये दिसत नाही, एवढ्यावरून हा समज रुजला आहे. पोस्टमध्ये ती विनंतीच्या आतल्या भागात जाते इतकंच. एचटीटीपीएस नसेल तर वाटेत ती कोणालाही वाचता येते. गेटचा धोका वेगळा आहे. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उरतो, म्हणून पासवर्ड गेटने कधीच पाठवू नये.

खरा फरक हेतूचा आहे. गेट म्हणजे फक्त मागणं, त्याने सर्व्हरवरचं काही बदलता कामा नये. २००५ मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरने पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ज्या ॲप्लिकेशनमध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती तिथल्या नोंदी वापरणाऱ्याने हात न लावता पुसल्या गेल्या.

गैरसमज: हिडन फील्ड कोणाला दिसत नाही.
हा सगळ्यांत महागात पडणारा समज. दुसऱ्या पानावर शुल्क ठरलं, ते हिडन फील्डमध्ये घालून तिसऱ्या पानाला दिलं, चाचणीत सगळं बरोबर चाललं. पण ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडून त्या आकड्याच्या जागी १ लिहायला कोणाला अर्धं मिनिटही लागत नाही. पोस्ट वापरल्याने, जावास्क्रिप्टने तपासणी केल्याने किंवा फील्ड ‘रीडओन्ली’ केल्याने काही फरक पडत नाही. विनंती फॉर्मशिवायसुद्धा बनवता येते. हिडन फील्डमधून अभ्यासक्रमाचा क्रमांक खुशाल न्या, पण शुल्क सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमधूनच काढावं आणि क्रमांकही तपासून घ्यावा. नवशिक्यांच्या धड्यांत हे शेवटी एका ओळीत येतं याचं मला फार वाईट वाटतं. ते पहिल्याच धड्यात हवं.

गैरसमज: सेशन ब्राउझरमध्ये असतं.
सेशन म्हणजे सुरुवातीला सांगितलेला दुसरा मार्ग. पीएचपीच्या नेहमीच्या रचनेत त्याची माहिती सर्व्हरवर राहते, ब्राउझरकडच्या कुकीत फक्त तिचा ओळखक्रमांक असतो. सर्व्हरवरची ही माहिती कायम टिकत नाही. मूळ सेटिंग १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची आहे. तेवढा वेळ हालचाल झाली नाही तर ती साफ होऊ शकते. अर्जदार मध्येच उठून जुनी गुणपत्रिका शोधायला गेला तर पहिली दोन पानं पुन्हा भरायची वेळ येते. मोठा अर्ज दर पानाला मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये ठेवणं हेच बरं. शिवाय एकाच ब्राउझरच्या दोन टॅबना सेशन सामाईक असतं. दोन भावंडांचे अर्ज शेजारी-शेजारी उघडले तर एकाचा अभ्यासक्रम दुसऱ्याच्या अर्जात जाऊ शकतो.

गैरसमज: फॉर्ममधलं सगळं सर्व्हरपर्यंत पोहोचतं.
सर्व्हरकडे फील्डचं ‘नेम’ जातं, ‘आयडी’ नाही. टिक न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ म्हणून जात नाही, तो जातच नाही. ‘डिसेबल्ड’ फील्डचंही तेच.

गैरसमज: अर्ज दोनदा नोंदला गेला तर चूक भरणाऱ्याची.
पोस्टच्या उत्तरातच ‘अर्ज मिळाला’ हे पान दाखवलं, तर रिफ्रेश करताच ब्राउझर तीच माहिती पुन्हा पाठवू पाहतो. माहिती साठवून झाली की सर्व्हरने ३०३ हा संकेत देऊन ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवावं. मग रिफ्रेश केलं तरी फक्त ते पानच पुन्हा येतं. बटण घाईने दोनदा दाबलं जाण्यावर मात्र हा उपाय पुरत नाही. त्यासाठी प्रत्येक अर्जाला एकदाच चालणारा क्रमांक द्यावा लागतो.